मोनोच पुरतं

बाबा बोटीवर रेडिओ ऑफिसर.
एकोणऐंशी साली कोबेहून
दोन अ‍ॅम्प्लिफायर आणले, हुबेहूब सारखे,
एकाचा नंबर चारशे अठरावर संपतो,
दुसऱ्याचा चारशे एकोणीसवर.
पोरं भांडू नयेत म्हणून.
भांडायला पुढे माहीमची जागा होतीच.

अठरा माझ्याकडे राहिला,
एकोणीस दिगूबरोबर मुलुंडला गेला.
गेली अकरा वर्षं आमच्यात दिवाळीच्या शुभेच्छा,
त्याही बायकांच्या फोनवरून.

परवा त्याची मुलगी टॅक्सीतून तो घेऊन आली
चादरीत गुंडाळून, आजारी माणूस आणावा तसा.
चौदा किलो, लिफ्ट बंद.
वर चिठ्ठी:
डावा कान गेला. परत येणार नाही म्हणतात.
मला आता मोनोच पुरतं.
तू वाजव.

दोन्ही मुकादमकडे नेले,
लॅमिंग्टन रोडच्या मागे, जिन्याखालच्या दुकानात.
त्याने झाकणं काढून आधी वास घेतला.
"हा माहीमचा. खाऱ्या हवेने सॉकेटं हिरवी पडलीत.
मुलुंडवाल्यात नुसती धूळ."
मी विचारलं, ब्रिज करून
एकेका स्पीकरला एकेक अख्खा लावला तर?
मुकादमने माझ्याकडे असं बघितलं
की मी एखाद्या म्हाताऱ्याला
गव्हाचं पोतं उचलायला सांगतोय.
"जळतील. ह्या वयात सोसत नाही ते.
एकेक बाजूच वापरा. दुसरी रिकामी राहू द्या.
ट्रान्सफॉर्मर मग एकालाच पोसतो.
दम पुरतो."

कंडेन्सर बदलले, बायस लावला,
ट्रान्झिस्टरखाली नवी पांढरी पेस्ट.
मग मीटर घेऊन दोन्हींचे आवाज जुळवत बसला,
कारण दोन नॉब म्हणजे दोन मतं,
ह्याचं नऊ त्याचं पावणेदहा.
जुळलं तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. लाल.

घरी अठरा डावीकडे, एकोणीस उजवीकडे.
शालन म्हणाली, एका गाण्याला दोन-दोन बिलं.
पहिल्या रात्री काही लावलंच नाही.
नुसता स्पीकरपाशी कान नेला:
गुणगुण नाही, खरखर नाही.
खाली सोसायटीचा पंप सुरू झाला तेव्हा
दोघांचे दिवे एकदम मंदावले,
एकदम सावरले.

रविवारी दिगू आला.
बोलावलं नव्हतं असं नाही,
बोलावलं होतं असंही नाही.
मधल्या खुर्चीत बसला, पण तिरका,
उजवा कान पुढे करून,
दाराच्या फटीतून ऐकावं तसा.

बाबांनी टेप केलेली मैफल लावली,
वरच्या मजल्यावर, बिवलकरांकडे झालेली.
स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून आणखी कुठेकुठे.
तानपुरा अठरातून.
तबला एकोणीसातून.
आणि मधे, जिथे काहीच ठेवलेलं नाही,
तिथे बाई गात होत्या.

विलंबित संपता संपता कुणीतरी खोकलं.
चाळीस वर्षं मी तो टेपचा दोष समजत होतो.
"बाबा," दिगू म्हणाला.
मी म्हटलं, बाबा मशीनशी बसले होते,
हा खोकला मागून आला,
तिसऱ्या रांगेतून, डावीकडून.
"डावीकडचं मला सांगू नकोस."

टेप मागे. खोकला. पुन्हा मागे.
चहा आला, निवला, साय धरली त्याने.
आम्ही भांडत होतो, रीतसर, आवाज चढवून,
आणि शालन स्वयंपाकघरातून
कुणाचीही बाजू न घेता ऐकत होती.

डब्यांवर हात ठेवला तर कोमट.
मागे प्रत्येकाचे दोन स्क्रू रिकामे,
मुकादमने काळी पट्टी लावलेले.

बुटाची नाडी बांधताना दिगू म्हणाला,
"एकोणीसला जरा जास्त देतोयस. अर्धा ठिपका."

तो गेल्यावर मी नॉबला हात लावला.
काढला.