रकाना क

फॉर्म निळा आहे. शुक्रवारी चारच्या आत द्यायचा.
गणित, इंग्रजी, वेल्श, विज्ञान आधीच छापलेलं,
त्यात कुणी कुणाला विचारत नाही.
खाली चार रकाने, प्रत्येकात एकच खूण.
रकाना क मध्ये भूगोल आणि संगीत
एकाच बाकावर दाटीवाटीनं बसवलेत.
दोन्ही घेता येत नाहीत. वेळापत्रकापुढे इलाज नाही.

माझ्या खणात अकरा फॉर्म.
बारा झाले तर भूगोलाचा वर्ग भरेल,
नाही तर नकाशे गुंडाळून
सातवीला आरोग्याचे धडे द्यायचे,
असं हेडबाईंनी फार गोड आवाजात सांगितलंय.

बारावी, मॅबली प्रिचर्ड.
वय चौदा, डावखुरी, करंगळीच्या कडेला शाई.
आई रात्रपाळीवरून थेट आलेली,
कोटाखाली वृद्धाश्रमाचा गणवेश.
"संगीतानं पोट भरतं का, सर?
तुम्हीच सांगा हिला."

किती सोपं होतं.
नुसती मान हलवायची होती.

आमच्या या गावानं डोंगर कापकापून
जगाला छपरं दिली, पाट्या दिल्या.
कुठकुठल्या पोरांनी त्यांवर पहिलं अक्षर गिरवलं असेल.
आम्हांला उरला चुरा.
घरांच्या मागे ढीगच्या ढीग, ओले झाले की चकाकतात.
पण कोरी पाटी घेऊन इथे कुणी जन्मत नाही,
आधीच कुणीतरी तिच्यावर बेरीज मांडून ठेवलेली असते.
माझ्या बापानं मांडली होती,
खाणीतून आल्यावर, बूट न काढता:
"इथून बाहेर काढील ते घे."
मी भूगोल घेतला.
ओरिनोको, लेना, इरावती,
सगळ्या नद्या मुखापासून उगमापर्यंत पाठ,
आणि बाविसाव्या वर्षी परत आलो
या ओढ्याकाठी,
ज्याला नकाशावर नावसुद्धा नाही.

मॅबली खुर्चीच्या अगदी कडेवर.
एक पाय तळ्यात, एक मळ्यात.
मोठेपणी कोण होणार, हे मी विचारत नाही.
त्या प्रश्नाला मुलं खोटं बोलतात,
आपणच शिकवलेलं असतं.
मी विचारलं, "घरी गेल्यावर आधी कुठला अभ्यास करतेस?"

"भूगोलाचा," ती पटकन म्हणाली.
आई हसली. मी हसलो.
माझा खणसुद्धा हसला असेल.

मग बुटांकडे बघत, हळू:
"तो एकदा उरकला
की झोपेपर्यंत कॉर्नेट वाजवता येतं."

"संगीत घे," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं दुकानदारानंच म्हणावं, आमच्याकडे नको, शेजारी जा.
"आणि चुकलं तर?"
"सप्टेंबरात तीन आठवडे बदलायची मुभा असते."
हे खरं होतं. हे उत्तर नव्हतं.
तिलाही ते कळलं.
"तुम्हांला मुलं आहेत, सर?"
"नाही."
"हं," ती म्हणाली,
आणि कोटाची बटणं लावायला लागली.
खालून वर, चुकीच्या काजापासून.

शुक्रवार. पावणेचार.
इल्तुद प्रोबर्ट, शर्ट बाहेर, फॉर्मवर केचपचा डाग.
रकाना क कोरा.
"तुम्हीच भरा ना, सर. मला सगळं सारखंच."
पेन माझ्या हातातच होतं, टोपण काढलेलं.
बारावा.
विचारणार कोण होतं?

खालच्या खोलीत कुणीतरी कॉर्नेटवर
तेच चार सूर, पाचव्याला पुन्हा अडखळणं.

मी टोपण लावलं. शेजारची खुर्ची ओढली.
"बस. घरी गेल्यावर आधी काय करतोस?"
त्यानं बराच वेळ विचार केला,
बहुतेक वर्षात पहिल्यांदाच.
"झोपतो, सर."

"बरं," मी म्हटलं. "आणि उठल्यावर?"
चाराला तेरा मिनिटं होती.