नवाने भाग जाणारा फरक

बारावीनंतर थेट गेली असती
तर बाविसाव्या वर्षी सही आली असती, असं आत्या म्हणते.
मी गेले वळशाने.
आधी बी.कॉम., तेही सकाळचं,
दुपारी वरळीच्या एका दवाखान्यात पावत्या फाडायच्या,
मग नागदेवी स्ट्रीटच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर,
मस्करेन्हस साहेबांकडे आर्टिकल.

आर्टिकल म्हणजे मी.
"ए आर्टिकल, बँकेचं रेकन्सिलिएशन कुठवर आलं?"
करारावर पप्पांनी न वाचता सही केली.
स्टायपेंडचा आकडा मात्र
चष्मा पुसून दोनदा वाचला.

पहिलं वर्ष हिरव्या पेन्सिलीचं.
चहा सतरा रुपये, टिक.
हमाली, टिक. टॅक्सी, पावती नाही, प्रश्नचिन्ह.
हुसैना राजकोटवाला शेजारच्या खुर्चीत.
म्हणाली, काल स्वप्नात घरातल्या सगळ्यांना टिक केलं,
एक भाऊ सापडला नाही गं,
सकाळी उठून आधी त्याला बघून आले.

एकतीस मार्चला बिजागऱ्या मोजल्या.
गोदामाला खिडकी नव्हती.
पितळी, लोखंडी, तीन इंची, चार इंची,
घामाने कागदावरची शाई पसरत होती.
शेठ म्हणाले, पेट्या मोजा ना, उघडता कशाला?
आम्ही उघडल्या.
तिसऱ्या रांगेत वर एक थर बिजागऱ्यांचा
आणि खाली गुजराती वर्तमानपत्रं, नीट घड्या घातलेली.
साहेबांनी शेठकडे पाहिलंच नाही.
मला म्हणाले, दिसलं ते लिही.

तोवर मी पप्पांसाठी शिकत होते.

गोडांबे त्याच शेठचे हिशेबनीस.
इंटरला सात वेळा बसले,
आठव्या वेळी बोहल्यावर उभे राहिले.
आमची तेरीज जुळेना तेव्हा
कानावरची पेन्सिल काढून म्हणाले,
फरक किती? चौपन्न?
नवाने भागून बघ.
भाग गेला की समज, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.
अगं, आपली भाषाच तशी.
ब्याऐंशी म्हणताना दोन आधी येतो, ऐंशी मागून.
सांगणारा मराठी, लिहिणारा घाईत,
झाले अठ्ठावीस.
आणि खरंच, सुतळीच्या खात्यात,
अठ्ठावीस.

फायनलच्या पहिल्या ग्रुपला
चार महिने अभ्यासगल्लीत बसले, दिव्याखाली.
एका बाजूला नर्सिंगची मुलगी, दुसऱ्या बाजूला
पोलीसभरतीचा पोरगा, पाठ करताना पाय हलवणारा.
मधे कासवछाप.
प्रत्येक पेपरला चाळीस हवेत, ते होते.
चार मिळून दोनशे हवेत.
माझे एकशे एक्याण्णव.

हुसैना पास झाली.
पेढ्यांचा पुडा तिने ड्रॉवरमध्ये दडवला,
ड्रॉवर उघडा राहिला.
मीच दोन घेतले.

घरी जाऊन नवाने भागलं.
नऊ एके नऊ. भाग जातो.
म्हणजे कुठेतरी दोन शेजारचे आकडे
एकमेकांच्या जागेवर बसलेत.
रात्रभर शोधत होते.
सकाळी आत्याचा फोन आला,
एक स्थळ आहे म्हणाली, आता किती थांबायचं,
आणि सापडले:
माझं वय तिने तेवीसचं बत्तीस धरलंय.

गोडांबेंना सांगितलं. हसले नाहीत.
सांत्वनही नाही.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
शेवटच्या खेपेला मला दोन कमी होते.
दोनाला नवाने भाग जात नाही.
पुष्कळ वर्षं शोधलं.

मग पेन्सिल कानावर.
मग सुतळीचं खातं.

फॉर्मची शेवटची तारीख चोवीस.
मी पाकिटावर लिहून ठेवलीय, अक्षरी,
आणि पुन्हा तपासलीय
बेचाळीस तर नाही ना लिहिलं.
आतून साहेब ओरडतायत,
आर्टिकल, बँकेचं कुठवर आलं?