पाण्याचे आकडे

तुरिनमध्ये त्या हिवाळ्यात
धुकं पो नदीवरून उठायचं आणि दुपारपर्यंत
ट्रामच्या तारांना लोंबकळत राहायचं.
मी एर्मेते गास्काल्दी, पाणीखात्याचा मीटर-रीडर,
हातात टॉर्च, कानावर पेन्सिल,
जिन्याखालच्या अंधाराशी वीस वर्षांची ओळख.

इन्स्पेक्टर बोनीनो ऑफिसात आला तेव्हा
त्याच्या ओव्हरकोटाला अजून स्टेशनचा वास होता.
फलाट क्रमांक सात. बाकाखाली ठेवलेली बॅग.
फायर ब्रिगेडने नंतर फलाट धुतला,
तेही पाणी आमच्याच रजिस्टरात चढलं:
अकरा हजार चारशे लिटर.
कुणाच्या नावावर टाकू, विचारलं,
तर साहेब खिडकीकडे बघत म्हणाले,
किरकोळ.

बोनीनो म्हणाला, ही पोरं नावं बदलतात,
भाडं रोख देतात, फोनला हात लावत नाहीत.
पण तहान लागते ना त्यांना? दाढी करतात ना?
मी म्हटलं, संडासलाही जातात.
तो हसला नाही.

एकोणीस दिवस जिने चढलो.
पाणी कुठे मुरतंय, एवढंच बघायचं होतं.
एका घरी आकडा फुगलेला, तर आत जुळी जन्मलेली.
एका घरी सासू आलेली, दिवसातून तीनदा पाय धुणारी.
नेपल्सकडच्या एका कुटुंबाने
नाताळसाठी आणलेल्या जिवंत ईल टबात सोडलेल्या,
आणि घरातलं शेंडेफळ
त्यांना नावं ठेवून रडत बसलेलं.

मग कोपऱ्यावरची इमारत, तिसरा मजला.
देल्फीना राव्हेत्ती, निवृत्त टायपिस्ट,
दारावर एकटीचं नाव.
एकटीला पाच जणांचं पाणी.

तिने कॉफी केली. स्वेटरच्या कोपराला ठिगळ,
निगुतीने लावलेलं.
नळ गळतो हो, म्हणाली, प्लंबर काही येत नाही.
नळ गळत नव्हता.
ओट्यावर पाच कप पालथे,
आणि बंद दारामागे कुणीतरी
खोकला गिळला.
गिळलेला खोकला सुटलेल्यापेक्षा मोठा ऐकू येतो.
मी कॉफी ढवळत राहिलो.
साखर घातलीच नव्हती.

खाली येऊन आकडा लिहिला.
फक्त आकडा. शेरा नाही, फुली नाही.

पहाटे चार चाळीसला त्यांनी दार फोडलं.
त्याच्या मिनिटभर आधी मला
मेन व्हॉल्व्ह बंद करायला लावला,
आत कुणी कागद संडासात सोडू नयेत म्हणून.
चावी गंजलेली. दोन्ही हातांनी पिळली,
तेव्हा भिंतीतल्या पाइपांनी
वरपर्यंत एक श्वास ओढला
आणि इमारत गप्प झाली.
मग दोन गोळ्या.

चौघांना चालवत खाली आणलं.
सगळ्यांत लहान असेल एकोणीसचा,
अर्ध्या गालावर साबण तसाच.
कुठे निघाला होता एवढ्या पहाटे, दाढी करून?
त्याच्या खोलीत सापडलेल्या बॅगेत
दुसऱ्या एका स्टेशनचं तिकीट होतं, हे मला मागाहून कळलं.
तेव्हा तो मला एवढंच म्हणाला,
मी गणवेशात होतो म्हणून असेल,
'पाणी गेलंय हो वर.'

देल्फीना शेवटी उतरली. बेड्यांवर शाल.
माझ्यापाशी थांबली.
'कॉफी अर्धी ठेवलीत तुम्ही.'

पाचव्याला स्ट्रेचरवरून आणलं.
सकाळी जिना धुतला.
ते पाणी मी कुठेच चढवलं नाही.

आता निवृत्त आहे.
नोरीना गेल्यापासून रोज रात्री
स्वयंपाकघरातला नळ थोडा वेळ सोडून ठेवतो,
तिच्या भांड्यांपुरता, तिच्या केसांपुरता.
माझ्या मीटरवर अजून दोन माणसं राहतात.
नवा पोरगा येतो, टॉर्च मारतो, आकडा लिहितो,
दारावरचं एकच नाव वाचतो.
कधीतरी त्याच्या लक्षात येईल.

मी कप दोनच ठेवतो.
पालथे.