अकरा महिन्यांचा करार

पैठणला बदली झाली तेव्हा बँकेतला शिपाई म्हणाला,
मॅडम, तुम्ही दर्यावरच्या, तुमची सोय आहे,
इथंही सागर आहे. नाथसागर.
क्षितिजापर्यंत गोडं पाणी
ही गोष्टच मला थापेबाज वाटली.

तीन घरं पाहिली.
पहिल्यात नळ आठव्या दिवशी यायचा.
मालक हे ऐटीत सांगत होता,
कारण पुढच्या गल्लीत दहाव्या.
दुसऱ्यात आडनाव विचारलं, मग गाव,
मग पुन्हा आडनाव, जरा हळू आवाजात.
तिसऱ्यात सगळं जमलं होतं, ओटा, पंखा, खिडकीत तुळस,
आणि मालकीणबाई म्हणाल्या, मासे?
मी वेंगुर्ल्याची आहे, म्हणाले.
चहा आतच राहिला.

चौथं अन्साबाई थोट्यांचं,
पाण्याच्या बाजूला, वसाहतीच्या टोकाला.
वर दोन खोल्या, लोखंडी जिना.
भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट तीन महिन्यांचं,
करार अकरा महिन्यांचा, मग दहा टक्के वाढ.
आणि मासे? ह्या वेळी मीच विचारलं.
बाई दाताला मिस्री लावत होत्या.
थुंकून म्हणाल्या,
खा की. आमच्याच घरात वाढलेत.

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

आई फोनवर विचारायची, लाटा आहेत का गं?
आहेत, वारा असला की.
आणि भरती?
भरती नाही. ह्या पाण्याला तिथी कळत नाही,
फक्त महिने कळतात.
ऑक्टोबरात ते बाभळींच्या कमरेला लागलं,
माघात मागं सरायला लागलं,
रोज थोडं, पाहुणा उठतो तसं,
बोलत बोलत, उंबऱ्यात थांबत.

मे महिन्यात अन्साबाई खालून ओरडल्या,
चला, घर दाखविते.
पाहिलंय की, मी वरून.
ते भाड्याचं.

तडकलेल्या गाळातून चाललो अर्धा तास.
शिंपले, तुटलेली जाळी, कुणाचं तरी गाळपेर,
काकडीचे वेल.
मग गुडघ्याएवढ्या भिंती.
दगडात कोरलेलं एक उखळ, त्यात अजून पाणी.
ही सैपाकाची खोली, बाई म्हणाल्या,
हे माजघर. हितं म्या लग्न होऊन आले, दुष्काळाच्या साली.
चार वर्सं राहिले.
नाही, साडेतीन.

तेवढ्यात छत्री घेऊन लिंबाजी गोर्डे आले,
शेजारचे. म्हणजे, इथले शेजारचे.
त्यांनी भिंतीपाशी वीत लावली,
वीत, आणखी अर्धी,
आणि भांडण लागलं.
तुझ्या सासऱ्यानं दगड सरकवला!
कवा सरकवला, पाण्यात बुडी मारून सरकवला का?
हद्द हितून हाय!
कामून हितून? पत्रा कुठं होता, ध्यानात हाय का?
मी दोघांच्या मधे उभी होते,
कुणाच्या खोलीत ते ठरेना.

ऊन चढलं. लिंबाजींनी छत्री मिटली, पुन्हा उघडली.
पुढच्या साली बघू, म्हणाले,
पाणी उतरलं तर.

परतताना मला वाटलं,
आज तरी वाढीव भाड्याचं विसरतील.
जिन्याच्या पायरीवर चपलेचा गाळ खरडत म्हणाल्या,
जूनपासून अडतीसशे पन्नास.
मी दीडशे कमी करा म्हटलं.
त्यांनी पन्नास केले,
आणि ओट्यातून एक काकडी काढून दिली,
न धुतलेली.
माजघरातली हाय, म्हणाल्या.