चौदावं मिनिट

निळा पडदा पहिल्यांदा आला तेव्हा मी
घोलपांच्या प्रबंधाचं पान दोनशे सात लावत होते.
भीमेच्या खोऱ्यातली गवतं,
त्यांची लॅटिन नावं तिरक्या अक्षरांत.
पडद्यावर कोलन आणि कंसाचा एक पडका चेहरा,
खाली इंग्रजीत दिलगिरी.
चौदा मिनिटांचं काम गेलं.
पुन्हा सुरू केलं. पुन्हा चौदा.

आधी मी विजेला दोष दिला,
मग यूपीएसच्या बॅटरीला,
मग त्या उंदराला, जो गेल्या दिवाळीत
सीपीयूमागे कुणाची तरी लग्नपत्रिका कुरतडताना दिसला होता.
मग घोलपांनाच. हा माणूस पेनड्राइव्ह
कुठून कुठून फिरवून आणतो.
शेवटी स्वतःला.
बावीस वर्षं जोडाक्षरं जुळवणाऱ्या बोटांना
एवढं तरी कळायला हवं होतं.
दर ओळीनंतर सेव्ह करू लागले,
गॅस बंद केला का हे
अर्ध्या जिन्यातून परत येऊन बघावं तसं.

इर्शाद अत्तार नाना पेठेतून आला,
हेल्मेट टेबलावर, तोंडात बडीशेप.
रॅमच्या पट्ट्या काढून माझ्याच खोडरबराने घासल्या.
पंख्यातली धूळ फुंकली,
अप्पा बळवंत चौकाची धूळ, निम्मा तिच्यात कागदाचा भुसा.
चौदा मिनिटं. निळं.

सेफ मोडमध्ये मात्र तेच मशीन तासभर चाललं,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं.
"आता इथे काय नाहीये ते बघायचं, मॅडम.
आहे ते सगळेच बघतात."
नव्हतं ते एकच. नेट.

मग त्याने क्रॅशच्या फायली उघडल्या.
प्रत्येक मरणाची तारीख, वेळ,
आणि दर वेळी तेच एक नाव.
"ड्रायव्हर," तो म्हणाला,
"गाडी ठीक, रस्ता ठीक, चालकच पिऊन बसलाय."
मागे खोचलेलं ते पेराएवढं वायफायचं अडॅप्टर,
तापकीर गल्लीतून अडीचशेला घेतलेलं,
खोक्यावर एका कंपनीचं नाव, पोटात दुसरीची चिप.
मंगळवारी रात्री, मी कुलूप लावून गेल्यावर,
विंडोजने मला न विचारता
त्याचा ड्रायव्हर नवा केला होता.

जुना परत घालावा तर ते बटण करडं.
"सीडी आली असेल सोबत?"
सीडी खिडकीत होती, दोऱ्याला,
कबुतरं बिचकावीत म्हणून. दोन पावसाळे खाल्लेली.

"मग सरळ वायर टाकू. राउटर कुठेय?"

मी गप्प.
राउटर भिंतीपलीकडे, कोंढरे बुक डेपोत.
जिन्यावरच्या पाटीवरून वाजलं तेव्हापासून
दोन वर्षं चार महिने आमचं बोलणं नाही.
पासवर्ड त्याआधीचा. माझ्या मशीनला पाठ.
मी तो पुसला नाही.
त्यांनीही बदलला नाही.
महिन्याचे अर्धे पैसे पाकिटात घालून
मी त्यांच्या शटरखाली सरकवत आले,
पाकिटावर नाव न घालता.

इर्शाद पलीकडे गेला.
भिंत थरथरली, सिमेंटचा चुरा
कीबोर्डवर, 'क्ष'वर, 'ज्ञ'वर.
भोकातून निळी वायर आली,
आधी बोटभर, मग वीतभर,
आणि तिच्यामागून कोंढऱ्यांचा आवाज,
कुणाला विचारतोय ते न ठरलेला:
"पुरेल का एवढी?"

मी ओढली. टेबलापर्यंत आली,
वर थोडी उरली.
"पुरेल," मी भोकाला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत पान दोनशे एकतीस.
अडॅप्टर टाकून देऊ का, इर्शादने जाताना विचारलं.
नको म्हटलं.
सीडीच्या खाली बांधलंय आता;
वाऱ्यात ती फार भिरभिरायची,
तिला जरा वजन झालं.