हिरवा ठिपका

रुस्ताकच्या घरामागे, लिंबोणीखाली, तीन पेट्या.
मधलीतली राणी थकलीय:
पाठीवरचा हिरवा ठिपका झिजून
नुसता संशय उरलाय.
अंडी तरी कशी, दात पडत्या वयातल्या हसण्यासारखी,
एक घर भरलेलं, तीन मोकळी.

हमूद म्हणाला, सिद्र फुलायच्या आत उरक.
(सिद्र म्हणजे आपली बोरच, काटे तेच.)
ऑगस्टात मागवलीस तर टपालगाडीतच शिजेल.

म्हणून सप्टेंबर. बारा रियाल.
काडेपेटीएवढा पिंजरा, दाराला साखरेचं बूच.
माश्या ते कुरतडेपर्यंत
नवीचा वास आपलासा होतो म्हणे.
आणि जुनी?
हमूदनं दोन बोटं जुळवून दाखवली.

पिंजरा सदऱ्याच्या खिशात, उबेला.
धूर दिला. चौथी चौकट उचलली.
मधोमध लोंबत होतं
भुईमुगाच्या शेंगेसारखं एक घर, तोंड मिटलेलं.
त्यांचं ठरलं होतं, मला न विचारता.
शेंगेखालून म्हातारी सावकाश चालत गेली,
कुणी तिला हटकलं नाही.
मी चौकट परत ठेवली.

खिशात बारा रियाल गुणगुणत होते.

डावीकडची पेटी: राणी ऐन भरातली,
अंडी काठोकाठ, मध दाट,
आणि तिच्या लेकींनी गेल्या महिन्यात
हमूदच्या नातवाचे डोळे सुजवून मिटवलेले.

हातमोजा काढला. का, ते सांगता येत नाही.
चपळ होती, तरी सापडली.

संध्याकाळपर्यंत माश्या
माझ्या त्या दोन बोटांवर येऊन बसत होत्या.
डसत नव्हत्या.