रिकामी कळशी

निकुंभ बाईंनी तीन आठवडे
मला एकही वाक्य दिलं नाही.
दिली एक तांब्याची कळशी,
तांबट लेनमधून आणलेली, कडेला पोचा पडलेली.
म्हणाल्या, भरलीय. उचल.

सातपूरला माझी पहिली पाळी.
साडेतीनला सुटायचो, हाताला कूलंटचा वास,
आणि पंचवटीतल्या शाळेच्या हॉलमध्ये
बाकं भिंतीला लावून आम्ही नऊजण
नसलेल्या गोष्टींशी झटायचो.
ढिकल्यांची हेमांगी नसलेल्या पाळण्याला झोका द्यायची,
तौसिफ न पेटलेली विडी विझवायचा.
मी उचलली की कळशी टुणकन वर यायची.
बाई डोळे मिटून बसलेल्या असत, तरी सांगत,
"हवा आहे आत."

बाई स्वतः कधी उजेडात उभ्या राहिल्या नाहीत.
एकतीस वर्षं विंगेत, हातात वही,
अडलेल्याला पुढचा शब्द देत.
"मी माणसं बाजूने पाहिलीत," म्हणायच्या.
"समोरून सगळेच बरे दिसतात.
खोटं कळतं ते पाठीत."

मग मला गंगेवर धाडलं.
शनिवार, कारखान्याची सुट्टी, सकाळचे सहा.
रामकुंडाच्या खालच्या अंगाला, धुणी धुतात तिथे,
एक बाई हंडा भरून उठली.
मी हातांकडे बघत होतो. चूक.
हात शेवटी येतात.
आधी तिने पायाचा अंगठा फरशीत रोवला,
मग श्वास अडवला,
मग मान जराशी वळवली, कुणी हाक मारल्यासारखी,
आणि केव्हातरी हंडा कमरेवर होता.
तिने मला बघताना बघितलं
आणि एक शिवी हासडली.
तीही मी पाठ केली,
शेवटचा 'रे' कसा खाली पडला त्यासकट.

मधेच एक मालिका आली, गंगापूर धरणाजवळ शूटिंग.
मी पोस्टमन. वाक्य एकच : "सही करा."
मी अंगठा रोवला, श्वास अडवला,
खांद्यावरची पिशवी इतकी जड केली
की कालिदासच्या शेवटच्या रांगेलाही कळावी.
कॅमेऱ्यामागचा मुलगा, माझ्याहून लहान, हसला नाही.
"दादा, दाखवू नका. नुसतं वजन माहीत असू द्या."
सात टेक. सातव्याला मी दमलो होतो,
त्यांनी तोच ठेवला.
घरी सगळे टीव्हीपुढे बसले.
मी दिसलो पाठमोरा, दोन सेकंद.
आई म्हणाली, पाठ छान आली.

बाईंना सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला.
"मग, वजन कुठे ठेवायचं ते कळलं?"
नव्हतं कळलं.

डिसेंबरात एकदा पाळी सुटली,
गेटवर वॉचमन शिरसाठ मामा.
"काय रे, डबा तसाच चाललास घेऊन? जेवला नाहीस?"
डबा रिकामा होता.
मी काही बोलायच्या आत मला कळलं,
माझ्या खांद्याने मला न विचारता
काय करून ठेवलं होतं ते.
इतकं हरखलो की नुसतं म्हणालो, "भूक नव्हती मामा."
त्यांनी खिशातून अर्धा पेरू काढला, तिखटमीठ लावलेला,
म्हणाले, एवढा तरी खा.
तो मी खाल्ला, सायकल हातात धरून, बियांसकट.

वाटलं, बाई खूश होतील.
त्या वही मिटून म्हणाल्या,
"प्रेक्षक तिकीट काढून येतो. त्याला ठाऊक असतं.
त्या माणसाला ठाऊक नव्हतं.
पेरू परत करता येत नाही.
उद्या जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी गेटवर मी डबा उघडून धरला.
मामा आत डोकावले. मीही.
तळाला एक मोहरी चिकटलेली.
"कालही असाच होता," मी म्हणालो.
मागून हॉर्न वाजत होते, दुसऱ्या पाळीची गाडी.
मामांनी झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला,
दोन पावलं मागे सरकले
आणि म्हणाले,
"परत उचल बघू."